बंबावर आहे, हल्ली कॉलवरून परतल्यावर झोप लागत नाही. जुन्या लोकांनी सांगावं

सत्तरीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदाच. अग्निशमन दलात फायरफायटर आहे. घर वाळपईच्या बाजूला, ठाणं दुसऱ्या तालुक्यात. कुठलं ते लिहीत नाही, गोवा केवढा ते तुम्हाला ठाऊक आहे.

भरती झालो तेव्हा घरचे खूश, सरकारी नोकरी लागली म्हणून. मी मात्र कामासाठी आलो होतो आणि काम अजूनही आवडतं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा मी नवाच होतो. साट्रेच्या बाजूला गाडी जायला रस्ताच नाही, पायी चढायचं आणि हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपायची. वरून हवाई दलाचं हेलिकॉप्टर बादली घेऊन यायचं, ते गेलं की परत आम्ही आणि डहाळ्या. पायांना फोड, डोळे लाल, घशात राख. तरी रात्री पाठ टेकली की सकाळपर्यंत जाग नाही. या कामात झोप उडते म्हणतात ती कुणाची, असं तेव्हा वाटायचं.

आता माझी उडाली आहे. उन्हाळ्यात एका विहिरीचा कॉल आला. गाळ काढायला माणूस उतरला होता आणि पाणी उपसायला पेट्रोलवर चालणारा पंप आतल्याच कठड्यावर ठेवला होता. तो माणूस वर येईना म्हणून त्याचा मेव्हणा उतरला, तोही कोसळला. आम्ही पोचलो तर अर्धा वाडा विहिरीत वाकून बघतोय. बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क) चढवून मी उतरलो. दोघांनाही वर काढलं. मेव्हणा जगला, पहिला नाही.

त्यानंतर दोन गोष्टी होतात. एक, मास्कचा डावा पट्टा आठवतो. तो बकलमध्ये नीट बसेना, मी सोडून परत ओढला. किती वेळ गेला असेल? अंथरुणात पडलो की तो पट्टा आणि मी. दुसरी, आमच्या घरी अजून विहिरीचं पाणी काढतात. पहाटे आईने रहाटावर दोर सोडला की मी अंथरुणात उठून बसलेला असतो, जाग यायच्या आधीच. आईला सांगितलं नाही. ती म्हणते, बरा लवकर उठायला लागलास.

हे सगळ्यांना होतं का? जातं का? वॉच रूमला, म्हणजे ठाण्यावर फोन घ्यायच्या खोलीत, बदली मागावी का? आणि एक खरंच विचारायचं आहे, ज्यांनी पूर्ण नोकरी काढली त्यांना. समाधान मिळतं की शेवटी पेन्शनकडे डोळे लावून दिवस ढकलायचे?

पाटो_पणजी

रोज सकाळी अनुलोम-विलोम आणि कोमट पाणी. मन खंबीर ठेवा. आम्हाला तुमचा अभिमान आहे.

म्हापशेंकर

पात्रांव, तो विहिरीतून माणूस काढून आलाय, ॲसिडिटीवर औषध मागत नाहीये.

डिचोलीचा_सबऑफिसर

निवृत्त आहे. तुला ‘तू’च म्हणतो, माझा धाकटा तुझ्याहून मोठा असेल.

आधी हे वाच म्हणजे पुढचं वाचायला जीव थाऱ्यावर राहील. तुला होतंय ते मला झालंय आणि माझ्याबरोबरच्या बहुतेकांना कधी ना कधी झालंय. ज्यांना कधीच काही झालं नाही असे दोघेतिघे आठवतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या हातात माझा दोर देऊन मी विहिरीत उतरलो नसतो.

लोकांना वाटतं आम्ही मोठ्या दुर्घटनांनी खचतो. काणकोणला चावडीवर ४ जानेवारी २०१४ ला बांधकाम चालू असलेली इमारत खाली बसली, ३१ जण गेले. मी तिथे होतो. मधूनमधून सगळी यंत्रं बंद करायची, ढिगाऱ्याच्या फटीत तोंड घालून हाक मारायची आणि बाकीच्यांनी श्वास धरून कान लावायचे. पुन्हा यंत्रं सुरू. भयंकर काम. पण तिथे लष्कर होतं, डॉक्टर होते, शेकडो माणसं होती, कुणी काय करायचं ते ठरलेलं होतं आणि जे झालं नाही त्याचा भार सगळ्यांच्या खांद्यावर वाटून गेला. मला पुढे वर्षानुवर्षं सोडलं नाही ते एका लहानशा कॉलने. गाडीवर आम्ही मोजके, घर ओळखीचं. त्यातलं सांगत नाही, घर अजून तिथेच आहे आणि माणसं मला नमस्कार करतात. तुझी विहीर तसली आहे. माणसं कमी, पेपरात दोन ओळी, दुसऱ्या दिवशी गावही कामाला लागलं. मग उरलेलं सगळं तू एकटा घेऊन बसलास.

आता उपाय म्हणून मला जे ठाऊक आहे ते. मी लागलो तेव्हा आमच्यावर एक जुना सबऑफिसर होता. पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलेला, जिभेने कारलं. त्याचा नियम असा की ठाण्यावर परत आलो म्हणजे कॉल संपला नाही. टाकीत पाणी भरलं, सिलिंडर बदलले, होज, म्हणजे पाण्याचे पाइप, धुऊन टांगले आणि गाडी पुढच्या कॉलला तयार उभी राहिली की संपला. ६३ मिलिमीटरचा होज, एकेक तुकडा १५ मीटरचा, चिखलाने माखलेला आणि भिजलेला असला की एकट्याला आवरत नाही. म्हणून सगळ्यांनी आवारात ओळीने उकिडवं बसायचं आणि ब्रश मारत सरकायचं. (हल्ली सांगतात आधी अंग धुवा, कपडे बदला, मग सामान. ते बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये आपला धंदाच कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. काजळी अंगावर मिरवण्याचे दिवस गेले. म्हणजे अंघोळ आधी, होज नंतर, पण होज सगळ्यांनी मिळूनच.)

तर ब्रश मारता मारता तो एकेकाला विचारायचा, काय केलंस? कसं वाटलं, हा प्रश्न त्याने जन्मात कुणाला विचारला नसेल. उतरल्यावर कुठे गेलास, कुणी काय ओरडलं, मग काय उचललंस, एवढंच. मला ते तेव्हा उलटतपासणीसारखं वाटायचं. पुढे कळलं तो काय साधत होता. आगीत प्रत्येकाला आपल्यापुढचा हातभर भाग दिसतो, बाकी सगळा धूर. जे दिसलं नाही तिथे रात्री मन काहीतरी भरतं, आणि मन कधी चांगलं भरत नाही, नेहमी आपला गुन्हाच भरतं. एकदा आमचा ड्रायव्हर गप्प होऊन बसला होता. माझ्या हातून पंपाचं प्रेशर पडलं, म्हणून आत पाणी कमी गेलं, हे त्याच्या डोक्यात. ब्रांचवरचा (होजच्या तोटीवरचा) पोरगा होज घासता घासता सहज म्हणाला, वरून मंगळुरी कौलं पडायला लागली तेव्हा मीच अर्धी ब्रांच बंद केली. ड्रायव्हरने मान वर केली आणि त्याला एक अस्सल शिवी दिली. तो विषय तिथे संपला. होज धुतले नसते तर त्याने ते प्रेशर निवृत्तीपर्यंत वाहिलं असतं.

तुझा पट्टा त्याच जातीचा आहे. म्हणून सांगतो ते कर. वॉच रूममधली नोंदवही उघडायला सांग. कॉल कधी आला, गाडी कधी सुटली, कधी पोचली, सगळ्याच्या वेळा असतात. मग तुझ्या लाइफलाइनचा दोर धरून वर कोण होता त्याला विचार, मी मास्क लावायला किती वेळ घेतला. तुझ्यापेक्षा त्याला बरोबर माहीत असेल, कारण तो बघत उभा होता. आणि पहिला माणूस कॉल यायच्या आधी किती वेळ खाली पडून होता ते वाड्यावरच्यांनी तेव्हाच कुणाला तरी सांगितलं असेल. हे तिन्ही एका कागदावर लिही. रात्री नाही, दिवसा.

पट्ट्याबद्दलही बोलतो, कारण तू प्रशिक्षण घेतलेला आहेस आणि तुला हिशोब कळतो. विहिरीत चालणाऱ्या पंपाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. मेव्हणा याच कारणाने पडला. मास्क चेहऱ्यावर सैल बसला असता तर तू तिसरा, आणि तुझ्यामागे कुणीतरी चौथा. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारला दोन हजार लिटरच्या आसपास हवा. मेहनतीच्या कामाला मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर पन्नासेक मिनिटं, त्यातली शेवटची, ५५ बारला हवा संपत आल्याची शिट्टी वाजते त्यानंतरची, राखीव. घाबरून धापा टाकत उतरलेला माणूस त्यातली बरीच कठड्यावरच संपवतो. तू पट्टा सोडून परत ओढलास, म्हणजे तुझं डोकं जागेवर होतं. मी वर उभा असतो तर तू नीट बांधेपर्यंत तुला सोडलंच नसतं.

वॉच रूमचं. मागायची तर माग, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिथे आराम आहे असं समजून जाऊ नको. तिथे फोनवर बाईचं रडणं ऐकू येतं आणि हाताला काम नसतं. मला विचारशील तर हात रिकामे असणं जास्त वाईट.

दारूचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो, आपण गोव्यात राहतो. झोपेसाठी म्हणून एक, हे मी फार जणांचं पाहिलंय. मार्च-एप्रिलात उर्राक असतो म्हणून उर्राक, पुढे फेणी, पुढे मिळेल ते. यातले काही माझ्याहून चांगले फायरमन होते.

आता समाधान. माणूस वाचवल्याचं समाधान मोठं असतं, नाकारत नाही, पण त्याच्या भरवशावर पूर्ण नोकरी निघत नाही. कोण वाचेल ते तुझ्या हातात फार थोडं असतं. तू पोचण्याआधी बरंचसं ठरलेलं असतं. शिवाय आपल्याकडचे कॉल बघ ना. फेब्रुवारी ते मे सुकं गवत आणि काजूच्या बागायती, पाऊस लागला की रस्त्यावर आडवी झाडं, बाकी वर्षभर विहिरीत पडलेली गाय, आतून कडी लागलेलं पोर, माडावर अडकलेला माणूस. रोज कोण हिरो होणार?

मला जे मिळालं ते हाताच्या कामातून मिळालं. पंपाचा आवाज ऐकून गेजकडे न बघता प्रेशर सांगता यायला लागलं, त्या दिवशी मी घरी जाताना शीळ घालत होतो. अंधारात, एका हाताने, न चुकता बोलाइन गाठ बसते, तो आनंद बाहेरच्याला सांगून कळत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आम्ही रात्रभर झाडं कापत होतो. एका ठिकाणी वडाची फांदी रस्त्यावर, पलीकडे रुग्णवाहिका अडकलेली, दिवा फिरतोय. ओलं लाकूड, करवतीची साखळी सारखी अडकते, पावसात धड दिसत नाही. फांदी कुठे दाबली गेलीय आणि कुठे ताणलीय ते ओळखून कापावं लागतं, नाहीतर साखळी चिमटीत सापडते किंवा फांदी उसळून अंगावर येते. ते दोन काप मी जसे घेतले तसे आयुष्यात घेतले नसतील. ओंडका सरकला, रुग्णवाहिका गेली. आत कोण होतं, वाचलं की नाही, काही ठाऊक नाही. पण ते काप अजून डोळ्यांसमोर आहेत आणि त्यांच्या आठवणीने मला झोप छान लागते.

ज्यांनी हे काम कसब म्हणून घेतलं ते शेवटपर्यंत टिकलेले मी पाहिलेत. जे वाचवलेल्यांची गणती करत बसले त्यांना न वाचलेल्यांचीही गणती करावी लागली. दर १४ एप्रिलला आपण मानवंदना देतो ती १९४४ च्या मुंबई गोदीतल्या ६६ जवानांना. फोर्ट स्टिकीन जहाजावरची आग विझवायला गेले आणि स्फोटात गेले. आग विझली नव्हती, जहाज वाचलं नव्हतं. त्यांची मानवंदना कुणी अडवली नाही.

फार लांबलं. आमच्या तालुक्यात शिरगावला लईराईच्या जत्रेत होमकुंडापाशी मी ड्यूटी केलीय. भरली गाडी घेऊन उभं राहायचं आणि आग विझवायची सोडून धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून जाताना बघायचे. अख्ख्या नोकरीत एवढी एकच आग जिच्यावर पाणी मारलं असतं तर लोकांनी मला विहिरीत टाकलं असतं. हे तुला हसायला म्हणून लिहिलं.

पेडण्याची_सून

काकांचं लिखाण आवडलं. एक बाजू राहिली म्हणून लिहिते. माझे यजमान याच खात्यात गाडीवर आहेत.

होज धुताना तुम्ही बोललात, काका, फार छान. पण तो माणूस त्यानंतर घरी येतो. चवथीला माटोळी बांधायला घरात पुरुष नाही, नरकासुराच्या रात्री सगळा गाव नाचतोय आणि आमच्याकडे फोन जवळ घेऊन झोपायचं, हे चालतं, लग्न करताना माहीत होतं. जे चालत नाही ते म्हणजे माणूस दारातून आत आला, जेवला, टीव्हीसमोर बसला, आणि तीन दिवस घरात कुणीतरी परका राहतोय असं वाटावं. मुलगी एकदा मला हळूच म्हणाली, बाबा माझ्यावर रागावलेत का?

आम्ही त्यावर एक साधी गोष्ट ठरवली. घरी आल्यावर ते चपला काढता काढता फक्त एवढंच म्हणतात, “आज वाईट होतं.” किंवा काहीच म्हणत नाहीत, म्हणजे रोजच्यासारखं होतं. वाईट होतं म्हटलं की मी काही विचारत नाही, मुलीला सांगते बाबा दमलेत, सोलकढी पुढे ठेवते आणि त्या दिवशी वीजबिल, शाळेची फी, सासूबाईंचं औषध यातलं काही काढत नाही. कधी दोन दिवसांनी ते आपणहून सांगतात, कधी सांगत नाहीत. मला तपशील नकोतही. मला फक्त कळायला हवं असतं की हा राग माझ्यावर नाही.

भाऊ, तुम्ही आईला सांगितलं नाही म्हणता. पहाटे उठून बसलेला मुलगा तिला दिसतो आहे आणि ‘बरा लवकर उठायला लागलास’ हे ती उगाच म्हणत नसेल. विहिरीचं सगळं सांगू नका. पण ‘आई, एक वाईट कॉल होता, थोडे दिवस त्रास होईल’, एवढं सांगायला काय हरकत आहे? आया याच्याहून मोठं ऐकून बसलेल्या असतात.

बांबोळीची_परिचारिका

मी मनोरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करते. इथे कुणाचं निदान करत नाही, पण धाग्यात दोन-तीन गोष्टी आल्या आहेत त्यावर लिहायला हवं.

काकांच्या त्या सबऑफिसरबद्दल आधी. अमेरिकेत १९८३ मध्ये जेफ्री मिशेल यांनी, जे आधी स्वतः अग्निशमन दलात आणि पॅरामेडिक म्हणून होते, मोठ्या घटनेनंतर सगळ्यांना बसवून बोलतं करायची एक पद्धत मांडली. ती जगभर पसरली. पुढे अभ्यास झाले तेव्हा दिसलं की एकाच बैठकीत माणसाला भावना ओकायला लावल्याने पुढचा आजार टळत नाही, काहींना उलट त्रास होतो. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नका असंच सांगितलं. मग काय करायचं? माणूस सुरक्षित आहे ना, जेवला-झोपला ना, जवळचं कुणी सोबत आहे ना ते बघायचं. बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर ओढून काढायचं नाही. कसं वाटलं हे न विचारणारा सबऑफिसर कुठल्याही पुस्तकाशिवाय बराच जवळ पोचला होता. एक फरक मात्र करीन. ज्याला त्या दिवशी बोलायचं नाही त्याला नुसता ब्रश मारू द्या.

आता सत्तरीचा_पोरगा यांना. अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, तेच दृश्य परत येणं, आवाजाने दचकणं हे होतं आणि बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होत जातं. महिना उलटूनही तसंच राहिलं, किंवा कामावर, घरात अडायला लागलं, किंवा त्या गोष्टी टाळण्यासाठी तुम्ही वाट वाकडी करायला लागलात, तर दाखवून घ्यायचं. तुमचा कॉल उन्हाळ्यातला आहे म्हणता. म्हणजे दाखवून घ्या, हे मी ‘जमलं तर’ म्हणून सांगत नाहीये. बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे. इतक्यात यायचं नसेल तर १४४१६ हा टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. ओळखीची भीती सगळ्यांना असते, गोव्यात जरा जास्तच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल असे मोजके अपवाद सोडले तर ती बाहेर जात नाही.

लोक घाबरतात की गोळ्या मागे लागतील. अशा त्रासावर मुख्य उपचार बोलण्याचा असतो, आठवणीला थोडं थोडं सामोरं जाण्याचा, आणि तो शिकलेल्या माणसाबरोबर करायचा. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या पर्वरीच्या संगत संस्थेने इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करून दाखवलं होतं की गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी काही मोजक्या भेटी घेतल्या तरी नैराश्यात फरक पडतो. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. अतिमद्यपानावरही त्यांनी तसाच अभ्यास केला. म्हणजे काकांनी उर्राकाची जी गोष्ट काढली तिलाही इथे वाट आहे. दारूने झोप लागते पण मध्यरात्रीनंतर ती मोडते, आणि तुमची गडबड तर पहाटेचीच आहे.

रहाटाला टाळू नका, पण त्याच्याशी पहाटे कुस्तीही नको. उजेडात, पोट भरलेलं असताना, स्वतः एक कळशी काढून बघा. फार जड गेलं तर थांबा आणि ते समुपदेशकाला सांगा, पुढचं त्यांच्याबरोबर.

जीव नकोसा वाटतो असं एकदाही मनात आलं तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच क्षणी १४४१६ किंवा ११२.

म्हापशेंकर

या धाग्यावर पाटो_पणजी यांनी कोमट पाणी मागे घ्यावं असा ठराव मांडतो.

पाटो_पणजी

मागे घेतलं. अभिमान ठेवतोय.

सत्तरीचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं.

काका, नोंदवही बघितली. कॉल आल्यापासून आम्ही पोचेपर्यंतची वेळ माझ्या डोक्यात होती त्याच्या निम्मीच निघाली. दोर माझ्या लीडिंग फायरफायटरकडे, म्हणजे माझ्या वरच्या माणसाकडे, होता. त्याला मास्कचं विचारलं तर म्हणाला, तू पट्टा सोडलास तो मी सांगितलं म्हणून, कानाच्या मागे फट दिसत होती. मला हे अजिबात आठवत नव्हतं. त्याने सांगितल्यावरही आठवलं नाही, पण तो कशाला खोटं बोलेल. आणि पहिला माणूस पडल्यावर वाड्यावरच्यांनी आधी आपापसात प्रयत्न केले, मग फोन केला, हेही त्याच्या कानावर आलं होतं, मलाच कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे त्या रात्री होज वापरलेच नव्हते, त्यामुळे धुवायचे नव्हते; गाडी लावली आणि जो तो आपल्या खाटेवर.

हे सगळं लिहून काढलं. पट्टा कमी झालाय. गेला नाही. पहाटेचं तसंच आहे, म्हणून ताई, १४४१६ ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि पुढे कुठे जायचं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात जातोय.

वहिनी, आईला सांगितलं. तिने विचारलं तो मेव्हणा आता कसा आहे. मला माहीत नव्हतं. तिचं म्हणणं, जाऊन ये. जावं का? काका, तुम्ही कधी कुणाच्या घरी परत गेलात?

वॉच रूमचं तूर्त राहू दे. बोलाइन एका हाताने मला अजून धड बसत नाही.

डिचोलीचा_सबऑफिसर

गेलोय, पण बोलावल्याशिवाय नाही. त्या घरात आपण वाचवणारे असतो तसे त्या दिवसाची आठवणही असतो. पंचाला किंवा ओळखीच्या कुणाला विचार, त्यांना चालणार असेल तर जा, वर्दी न घालता, आणि बसलास तर चहाला नाही म्हणू नको. तिथे जाऊन पट्ट्याचं काही काढू नको, ते त्यांचं ओझं नाही. आधी तुझी त्या समुपदेशकांशी एक-दोनदा भेट होऊ दे, आणि त्यांनाच विचार की आत्ता जावं का.

होज वापरले नसले तरी दोर होता ना, हार्नेस होता, मास्क होता. विहिरीच्या कॉलनंतर दोर हातभर हातभर तपासावाच लागतो, कुठे घासलाय का ते बघायला. त्याला दोघं लागतात. तुझ्या लीडिंगला म्हणावं, पुढच्या वेळी खाटेवर जायच्या आधी तेवढं करू.

बोलाइनसाठी दोराचा दोन हात तुकडा खिशात ठेव, बसमध्ये सराव कर. डाव्या हाताने आधी शीक, उजवा आपोआप येतो.

सत्तरीचा_पोरगा

ठीक काका. दोराचा तुकडा आजच कापून घेतला. नागपूरच्या सबऑफिसर कोर्साबद्दलही विचारायचं होतं.

डिचोलीचा_सबऑफिसर

त्याला वेगळा धागा काढ. इथे विचारलंस तर भरतीवाले सगळे येऊन बसतील.